चूक तुमच्या कानांची नाही

वाचकाचं पत्र

मी मिरजेची, वय ६१, शाळेतून निवृत्त झाले. गेल्या वर्षी आई गेली. माहेरचं घर आवरताना पलंगाखालच्या ट्रंकेत वडिलांच्या रेकॉर्ड निघाल्या. चाळीसेक एलपी (एका बाजूला वीसेक मिनिटं चालणाऱ्या मोठ्या रेकॉर्ड), थोड्या लहान आणि दहा-अकरा जुन्या, जड. वडिलांचा रेडिओग्राम कधीच भंगारात गेला. माझ्या वाढदिवसाला मुलानं सूटकेससारखा प्लेअर मागवून दिला, सहा-सात हजारांचा. पहिल्यांदा किशोरीताई आमोणकरांचा भूप लावला. मुलगा समोर उभा होता. आवाज आला तो डब्यात कोंबल्यासारखा, चिरका. मी 'छान' म्हटलं. रात्री तोच भूप फोनवर ऐकला तर तो बरा वाटला आणि रडूच आलं. लहानपणी सोप्यात गोधडीवर पडून ऐकलेला आवाज असा नव्हता. आठवणच खोटी की कान म्हातारे झाले? यजमान म्हणतात हे फॅड आहे, ट्रंक विकून टाक. चांगलं ऐकायचं तर किती खर्च येईल? आणि मुलाला न दुखवता कसं सांगू?

उत्तर

प्रिय ताई,

आठवण खोटी नाही. बाकीचं सगळं नंतर, पण हे आधी मनातून काढून टाका.

रेडिओग्राम म्हणजे छोट्या कपाटाएवढं लाकडी फर्निचर. त्यात मोठा स्पीकर बसायचा आणि त्याच्यामागची ती लाकडी पोकळी खर्जाला साथ द्यायची. सूटकेसमधले स्पीकर तळहातात मावतील एवढे असतात, आणि तेही सुईच्याच पेटीत, सुईपासून वीतभर अंतरावर. स्पीकर थरथरला की पेटी थरथरते, पेटीबरोबर सुई, आणि ती थरथर पुन्हा आवाजात मिसळते. ती टाळायची म्हणून अशा पेट्यांत खर्ज मुळातच कमी ठेवतात. खर्ज गेला की तंबोऱ्याचा खालचा सा गेला. मग वर राहतो तो नुसता गळा, पायाखालची जमीन काढून घेतल्यासारखा. तुम्ही 'चिरका' म्हणालात, तो शब्द अगदी बरोबर आहे.

कानांचंही तसंच. वय वाढलं की सगळ्यात वरच्या पट्टीतलं ऐकू येणं आधी कमी होतं, हे खरं. साठीनंतर एकदा कानांची तपासणी करून घ्यायला हरकत नाही, तीही गाण्यासाठी नव्हे, एरवीसाठी. पण कान थकले असते तर फोनवरचा भूपही तितकाच फिका लागला असता. तुम्हाला एकाच रात्रीत दोन आवाजांतला फरक कळला. तुम्ही मिरजेच्या. सतारमेकर गल्लीत तंबोऱ्याची जवारी काढताना नक्की पाहिलं असेल. घोडीचा पृष्ठभाग केसभर घासायचा, तारेखालचा दोरा किंचित पुढेमागे सरकवायचा, आणि मघाशी मुका असलेला तंबोरा एकदम बोलायला लागतो. तार तीच, भोपळा तोच. रेकॉर्डचंही काम असंच केसभराचं आहे. तुमच्या तबकड्यांत तो आवाज अजून आहे, त्याची जवारी लागलेली नाही इतकंच.

आता एक प्रयोग. पैसे लागणार नाहीत. कागदाचा एक बारीक कपटा रेकॉर्डच्या लेबलच्या कडेला चिकटपट्टीनं लावा, वेग ३३⅓ वर ठेवा आणि मुलाला फोनवर तीन मिनिटांचा गजर लावायला सांगा. कपटा किती वेळा समोरून जातो ते मोजा. मिनिटाला ३३⅓ म्हणजे तीन मिनिटांत बरोबर १०० फेऱ्या. १०० आल्या, छान. १०३ आल्या तर तुमचा भूप अर्धी पट्टी चढलेला आहे, कारण बाजाच्या पेटीवरच्या दोन शेजारच्या पट्ट्यांमधलं अंतर वेगाच्या हिशेबात साधारण सहा टक्के असतं. पट्टी चढते आणि लयही चढते. स्वस्त मोटारीत हे सर्रास होतं. काही पेट्यांना खालच्या बाजूला छोटं भोक असतं, आतला स्क्रू हलक्या हातानं फिरवून वेग जुळवता येतो. ते नसेल तर पेटी उघडायच्या भरीस पडू नका.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची, कारण ती नुकसानीची आहे. चांगल्या टर्नटेबलमध्ये, म्हणजे रेकॉर्ड फिरवणाऱ्या वेगळ्या यंत्रात, सुईचा भार दोन ग्रॅमच्या आसपास ठेवतात. सूटकेसवाल्या पेट्यांत तो बहुधा पाच ग्रॅम किंवा त्याहून जास्त असतो आणि कमी करायची सोय नसते. म्हणजे दर वेळी खाच थोडी जास्त खरवडली जाते. एकदा-दोनदा लावल्यानं किशोरीताईंच्या रेकॉर्डचं फार काही बिघडलं नसेल, घाबरू नका. पण वडिलांच्या आवडीच्या ज्या पाच-दहा असतील, त्या आता या पेटीवर लावू नका. बाजारात मिळालेल्या, ओरखडे पडलेल्या, ज्यांचं दुःख नाही अशा रेकॉर्ड त्यावर खुशाल वाजवा.

जड तबकड्यांना तर त्या सुईखाली घालूच नका. त्या ७८ च्या, म्हणजे मिनिटाला ७८ फेऱ्या घेणाऱ्या, लाखेच्या. पेटीवर ७८ चं बटण दिसतं म्हणून फसायला होतं. बटण फक्त वेग बदलतं, सुई तीच राहते. एलपीच्या सुईचं टोक साधारण १८ मायक्रॉनचं (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), ७८ च्या खाचेला ७५ च्या आसपासचं लागतं. बारीक सुई त्या रुंद खाचेच्या तळाशी नुसती खडखडत राहते, गाणं असतं ते वरच्या भिंतींवर. काही कार्ट्रिजना (सुई जिच्यात बसते ती छोटी डबी) ७८ ची वेगळी सुई मिळते, पुढे घ्या.

त्या दहा-अकरांत मिरजेत राहिलेले गायक अब्दुल करीम खाँसाहेब यांची एखादी आहे का बघा. मिरजेच्या घरातली ट्रंक, नसली तर मला आश्चर्य वाटेल. खाँसाहेब १९३७ मध्ये गेले आणि एलपी बाजारात आली १९४८ मध्ये. म्हणजे त्यांचा रेकॉर्डवरचा सगळा आवाज एका बाजूला तीन-साडेतीन मिनिटांच्या मापात बसवलेला आहे. तेवढ्यात राग उभा करायचा, आणि तो उभा राहिलेला आपण अजून ऐकतो. या तबकड्या कुणी किलोवर मागेल. देऊ नका.

त्या पुसताना मात्र एक काळजी घ्या, ही मला फार महागात पडलेली आहे. आमच्या आजीकडे ७८ ची एक रेकॉर्ड होती, तिच्या लग्नातली. मी कॉलेजात असताना तिच्यावरची बुरशी काढायला कापसाला स्पिरिट लावून पुसलं. कापूस काळा झाला. मला वाटलं मळ निघतोय, म्हणून आणखी जोरात पुसलं. मळ नव्हता तो, लाख विरघळत होती. उजेडात धरली तेव्हा मधली दोन बोटं रुंद पट्टी सपाट, मऊ आणि चमक गेलेली दिसत होती. ते गाणं मी आजतागायत दुसरीकडे ऐकलेलं नाही. लाखेच्या रेकॉर्डला स्पिरिट, अल्कोहोल, कसलंही सॅनिटायझर लावायचं नाही. जेमतेम ओलसर मऊ कापड, आणि लगेच कोरड्यानं पुसायचं. बस.

एलपीला आंघोळ चालते. डिस्टिल्ड वॉटर आणि त्यात भांड्यांच्या लिक्विड साबणाचा एकच थेंब. मऊ मायक्रोफायबरचं फडकं भिजवून पिळा आणि खाचेच्या दिशेनं, गोल गोल फिरवा, आडवं कधीच नाही. मधल्या लेबलला पाणी लागू देऊ नका. मग नुसत्या डिस्टिल्ड पाण्याचं दुसरं फडकं फिरवा आणि भांड्यांच्या जाळीत ताटं ठेवतो तशा उभ्या करून पंख्याखाली वाळवा. उन्हात नाही. पूर्ण वाळल्याशिवाय पाकिटात घालू नका, ट्रंकेतली पांढरी बुरशी ओलाव्यानंच धरते. आतली कागदी पाकिटं जुनी होऊन खरखरीत झालेली असतील, ती बदला, पण फेकू नका. त्यांच्यावर वडिलांच्या अक्षरात काही लिहिलेलं असायची शक्यता असते, त्या पिढीला घेतल्याची तारीख नाहीतर दुकानाचं नाव टिपून ठेवायची सवय होती. जुनं पाकीट बाहेरच्या कव्हरात मागे सरकवून ठेवा. आणि ट्रंकेतून बाहेर काढून कपाटात पुस्तकांसारख्या उभ्या लावा. पत्र्याखालच्या माळ्यावर नकोत, मिरजेचा एप्रिल त्यांना वाकवून टाकेल.

आता खर्चाचं. मी दोन टप्प्यांत करा म्हणेन आणि पहिला टप्पा स्पीकरचा. आतच अँप्लिफायर असलेली, तो वेगळा घ्यायची जरूर नसलेली स्पीकरची चांगली जोडी घ्या. बहुतेक सूटकेस-प्लेअरांना मागे दोन गोल सॉकेट असतात, एक लाल आणि एक पांढरं. तिथून वायर काढून या स्पीकरांना जोडा आणि पेटीचा स्वतःचा आवाज बंद ठेवा. तेवढ्यानंच निम्मा फरक पडेल. शिवाय हे स्पीकर टीव्हीला लागतात, फोनला लागतात, यजमानांच्या क्रिकेटच्या कॉमेंट्रीलाही लागतात. फॅड आहे की नाही याची चर्चा त्यांच्याशी तोंडी करू नका, स्पीकर आल्यावर त्यांच्या आवडीचं काहीतरी लावा.

दुसरा टप्पा टर्नटेबल, चार-सहा महिन्यांनी. दुकानात तीन गोष्टी बघायच्या: टोनआर्मच्या, म्हणजे सुई धरणाऱ्या दांड्याच्या, मागच्या टोकाला फिरवता येणारं वजन असावं, कार्ट्रिज मॅग्नेटिक असावं आणि सुई वेगळी बदलता यावी. चौथी, 'फोनो' आतच आहे का ते विचारा. हे फोनो प्रकरण जरा समजून घेण्यासारखं आहे. खर्ज जसाच्या तसा कोरला तर खाच इतकी रुंद होते की एका बाजूला वीस मिनिटं मावत नाहीत. म्हणून रेकॉर्ड कापताना खर्ज दाबून आणि वरचा आवाज उचलून कोरतात, पैठणी घडी घालून ट्रंकेत ठेवावी तसं. वाजवताना ती घडी उलट दिशेनं उलगडावी लागते. १९५४ च्या सुमारास ही घडी घालायची एक ठरलेली पद्धत सगळ्यांनी मान्य केली. फोनोचं काम म्हणजे घडी उलगडणं, आणि सुईकडून येणारा काही मिलिव्होल्टचा नाजूक आवाज मोठा करणं. फोनो नसलेल्या ठिकाणी चांगलं टर्नटेबल जोडलंत तर आवाज बारीक आणि खर्जहीन येईल, आणि तुम्ही पुन्हा स्वतःच्या कानांना दोष द्याल. नातेवाइकांत कुणाकडे जुना स्टिरिओ अँप्लिफायर पडून असेल तर त्याच्या मागे 'फोनो' लिहिलेलं आणि बाजूला अर्थिंगचा छोटा स्क्रू आहे का बघा. असेल तर मागून घ्या.

स्पीकर आणि टर्नटेबल मिळून मुलाच्या भेटीच्या चार-पाच पट खर्च धरा. त्यापलीकडे निदान पहिली दोन वर्षं जाऊ नका, पेन्शन आहे. हिऱ्याची सुई ५०० ते १००० तास चालते. रोज तासभर ऐकलंत तरी वर्ष-दीड वर्ष बघायला नको. सुईवर जमणारी धूळ मात्र रोज बघा. मोबाइलच्या कॅमेऱ्यानं जवळून फोटो काढून मोठा केलात तर दिसेल, टोकाला राखाडी कापसाचं बोंड लटकलेलं असतं, ज्वारीच्या दाण्यापेक्षा लहान. तेवढं बोंड अख्खी मैफल घोगरी करून टाकतं. मऊ ब्रशनं मागून पुढे एकदाच काढायचं, आडवं नाही.

खोलीचा विचार कुणी करत नाही आणि खरं तर तिथेच सगळ्यात जास्त फरक पडतो. टर्नटेबल आणि स्पीकर एकाच टेबलावर नकोत. स्पीकर बसल्यावर कानांच्या उंचीला येतील असे, भिंतीपासून वीत-दीड वीत पुढे, आणि तुम्ही, डावा, उजवा असा त्रिकोण होईल इतक्या अंतरावर ठेवा. शहाबादी फरशी असेल तर समोर सतरंजी अंथरा, मागच्या भिंतीला गाद्यांचा ढीग किंवा जाड पडदा असू द्या. उघड्या फरशीवरून आवाज उसळतो आणि 'स', 'श' टोचायला लागतात. माडीला लाकडी तक्तपोशी असेल तर चालताना सुई उडी मारते, मग टर्नटेबल भिंतीतल्या फडताळात ठेवा. गवंड्याकडची लेव्हल लावून ते सपाट आहे ना बघा, दोन्ही दिशांनी.

सगळं जुळलं की नाही याची माझी परीक्षा एकच. एलपीची शेवटची दोन मिनिटं ऐकायची. बाहेरच्या कडेला खाच सुईखालून सेकंदाला साधारण ५० सेंटिमीटर वेगानं जाते, लेबलजवळ वीस-एकवीसनं. तेवढाच आवाज निम्म्याहून कमी जागेत दाटीनं बसवलेला असतो. आणि आपल्या ख्यालाचा क्रम बघा, बाहेर संथ विलंबित, आत येता येता द्रुत आणि ताना. सगळ्यात अवघड गाणं नेमकं सगळ्यात अरुंद जागी. सुई झिजलेली असेल किंवा कार्ट्रिज एका अंशानं तिरकं बसलेलं असेल तर विलंबितात पत्ता लागत नाही, तानेत दाणे एकमेकांत मिसळतात. तान सुटी, दाणेदार आली तर निर्धास्त व्हा.

एक खरं सांगायला हवं. एलपी म्हणजे आपोआप फोनपेक्षा चांगला आवाज, असं नाही. मोजमापात सीडी पुढे आहे, किरकिर नाही, शांतता जास्त. नीट केलेलं डिजिटल रूपांतर तुमच्या नव्या स्पीकरवर सुंदर वाजेल, तेही ऐका. पण जुन्या ध्वनिमुद्रणांची किरकिर काढताना कधी कधी तंबोऱ्याची आस आणि गायकाचा श्वासही पुसला जातो. तो श्वास तुमच्या ट्रंकेतल्या तबकडीत असू शकतो. शिवाय वीस मिनिटं उठायचं नाही, मग उठून बाजू उलटायची, ही जी बैठक आहे ती फोनवर मला कधी जमलेली नाही. भूप संपला की मधली शांतता, सुई उचलल्याचा टक आवाज, मग दुसऱ्या बाजूचा बागेश्री. तुम्ही गोधडीवर पडून तीच ऐकत होतात.

जाता जाता दोन बारीकसारीक गोष्टी. लेबलवर ईसीएलपी अशी अक्षरं असतील तर ती मोनो (दोन्ही स्पीकरांत एकच आवाज) आहे, ईसीएसडी असेल तर स्टिरिओ (डाव्या-उजव्यात वेगवेगळा). मोनोत आवाज दोन्ही स्पीकरांच्या मधोमध ऐकू येतो, उजवा स्पीकर बिघडला असं समजू नका. आणि सात इंची सगळ्या ४५ फेऱ्यांच्या नसतात, काहींवर ३३⅓ छापलेलं असतं. लावण्याआधी वाचा.

मुलाचं मी मुद्दाम शेवटी ठेवलं. त्याला खरं सांगा, आणि लवकर. 'छान' म्हणालात त्यात काही चुकलं नाही, त्या क्षणी तुम्ही त्याचं मन जपलंत. पण ही पेटी त्यानं आणली नसती तर ट्रंक तशीच राहिली असती, कदाचित विकलीही गेली असती. हे त्याला आधी सांगा, कारण ते खरं आहे. मग सांगा की आजोबांचा आवाज असा नव्हता, तो शोधायला मला तुझी मदत हवी. स्पीकरची उंची, वायरी, लेव्हल, सुईचा फोटो, ही कामं त्याच्या हाताला द्या. तुमच्या लहानपणचा तो आवाज त्यानं ऐकलेलाच नाही, तो कसा होता हे त्याला कुठून कळणार? जुळवाजुळव करताना तोही ऐकायला शिकेल, आणि एक दिवस तुमच्याआधी तोच म्हणेल, 'आई, सुई बघ जरा.'

या रविवारी कागदाचा कपटा लावा आणि दोघं मिळून मोजा. तो गजर बघेल, तुम्ही फेऱ्या मोजा. आकडा काय आला ते मला नक्की कळवा.